टाळूचं ठिगळ

“थांब, तोंडात धागा हाय.”

हे वाक्य ते दात न उघडता म्हणायचे. पुढच्या दातांत नायलॉनचा धागा घट्ट धरलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी शब्द निसटतील तसे निसटायचे. परक्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. आमच्या गावातल्या कोळीवाड्यात मात्र ते सगळ्यांना पाठ होतं आणि त्याचा अर्थही पाठ होता. अर्थ असा, की तुझा प्रश्न मला आवडलेला नाही, तू आता आपल्या कामाला लाग.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुणी तंबाखूचा बार भरून गप्प बसतं, कुणी पेपर डोळ्यांसमोर धरतं. यांच्याकडे धागा होता. त्यांचं नाव मी सांगत नाही. नाव छापून आलं म्हणून चार माणसं विचारपूस करायला आली असती, तर त्यांना त्याचाच वैताग आला असता.

फाटलेली जाळी तुणणं हे त्यांचं काम. माझ्या दवाखान्याच्या वाटेवर, रस्ता बंदराकडे वळतो त्या कोपऱ्यावर, देशी बदामाच्या झाडाखाली निळी ताडपत्री बांधून ते बसत. जाळ्याचं एक टोक फांदीला, दुसरं पायाच्या अंगठ्यात, उजव्या हातात चपटी सुई, डाव्या हातात जाळं. गाठ आवळायला आणि धागा तोडायला दात. मी स्कूटरवरून जाताना हात करायची. ते हनुवटी जराशी वर करायचे, धाग्यासकट. अशी आमची ओळख पाच-सहा वर्षांची, एकाही शब्दाची नव्हे.

मी दातांची डॉक्टर, त्यातही हिरड्यांची. आमच्याकडे हे सांगायला जरा लाजच वाटते. शनिवार-रविवारी मांडव्याला बोटीने उतरून आपापल्या बंगल्यांवर जाणारे मुंबईकर येतात ते दात पांढरे करून घ्यायला. गावातली माणसं येतात ती “लय दुखतंय, काढून टाका” म्हणत. हिरडी वाचवायला कुणी येत नाही. आपल्याला हिरडी होती हे बहुतेकांना ती गेल्यावरच कळतं.

म्हणून एका गुरुवारी माझ्या दवाखान्यातल्या नलूताई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या, तेव्हा मला आश्चर्य वाटलं. नलूताई केसपेपर काढतात, फोन घेतात, आणि कोळीवाड्यात त्यांच्या शेजारीच राहतात. जून नुकताच लागला होता. मासेमारीची बंदी सुरू झालेली, होड्या ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या.

“दोन दिवस झाले, भाकर भिजवून खातायत,” नलूताई म्हणाल्या. “इचारलं तं बोलत नाय.”

ते खुर्चीत बसले. मी ओठ खाली ओढला. खालचे मधले दोन दात इतके लांब दिसत होते, की ते कुणा दुसऱ्याच्या तोंडातले वाटावेत. हिरडी अर्ध्या मुळापर्यंत खाली सरकलेली. उघड्या पडलेल्या मुळांवर बारीक, सरळ खाच. नायलॉनने वर्षानुवर्षं घासून पाडलेली.

“काका, कधीपासून दातात धागा धरता?”

“दात आले तवापासून.”

“गार पाणी लागतं?”

“गार पानी लागतं, गरम च्या लागतो. वारा बी लागतो.”

मी त्यांना आरसा दिला आणि समजावून सांगितलं. खाली गेलेली हिरडी आपणहून वर येत नाही. तशीच राहिली तर हे दोन दात हलायला लागतील आणि मग पडतील. उपाय एकच. तोंडातल्या वरच्या बाजूचं, टाळूचं, नखाएवढं कातडं काढायचं आणि खाली हिरडीवर शिवायचं. ते तिथे रुजतं. नलूताईंनी तोंड वाकडं करून पदर ओठांवर घेतला. नेहमीचे पेशंट इथे “विचार करून सांगतो” म्हणतात आणि पुन्हा दिसत नाहीत.

हे मात्र खुर्चीत सरळ झाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला प्रश्न विचारले, आणि एकामागून एक. टाळूचंच का? किती जाडीचं? धागा कंचा? गाठ कशी मारणार?

मी सगळ्याची उत्तरं दिली. ते थोडा वेळ आरशात बघत राहिले.

“म्हंजे एका जाल्याचा धड तुकडा काढायचा न् फाटलं तिथं लावायचा.”

“अगदी तसंच.”

“मंग तसं सांगा ना. तुमी पन आमच्यातल्याच.”

इतकी वर्षं घासून मिळवलेली माझी पदवी एका वाक्यात बदामाच्या झाडाखाली येऊन बसली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

अडलं ते धाग्यावर. “परत कवा धरू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “कधीच नाही.” ते खुर्चीतून उठलेच. चपला शोधायला लागले. मी घाईघाईने म्हटलं, “दोन महिने. दोन महिने तरी नाही.” डॉक्टरने असं घासाघीस केल्यासारखं बोलू नये हे मलाही कळतं, पण माणूस दारापर्यंत पोचला होता.

“बंदी उठंस्तवर?”

“हो, बंदी उठेपर्यंत.”

“होडीला बंदी तशी तोंडाला बंदी,” असं म्हणून ते परत येऊन बसले.

आता यातली गंमत अशी, की बंदीचे दोन महिने हाच जाळी तुणण्याचा हंगाम. होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हाच गावभरची फाटकी जाळी त्यांच्याकडे यायची. म्हणजे मी नेमक्या त्याच दिवसांत त्यांचं मुख्य हत्यार काढून घेतलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या आलं असणार, पण ते बोलले नाहीत.

ऑपरेशनच्या वेळी बहुतेक जण डोळे मिटून घेतात. यांनी टक्क उघडे ठेवले, आणि सबंध वेळ माझे हात बघत होते. शेवटचा टाका घालून मी मास्क काढला, तेव्हा बधिर ओठांनी ते पहिलं वाक्य बोलले.

“डाक्टरीणबाय, कडंची गाठ सैल हाय.”

मी हसले. हसायला नको होतं.

चौथ्या दिवशी ते पुन्हा दारात उभे. तोंड उघडून पाहते तर कडेचा टाका गायब आणि ठिगळाचा एक कोपरा उचललेला. टाक्याचं टोक ओठाला टोचत होतं म्हणून यांनी भिंतीवरच्या आरशात बघून, जाळ्याच्या धाग्याची कात्री घेऊन ते कापलं होतं. आमच्या गाठीला टोक थोडं लांब ठेवतात, नाहीतर ती सुटते. यांच्या गाठीला टोक ठेवणं म्हणजे हलगर्जीपणा, कारण त्यात मासळीचे पर अडकतात. तेव्हा यांनी माझं काम नीट करून दिलं होतं.

मी चिडले. खरंच चिडले. हे कातडं अजून जगायचं की मरायचं ते ठरवतंय, आणि तुम्ही त्यात कात्री घालता? परत टाळू सोलायची का? नलूताई बाहेर स्टुलावर श्वास रोखून बसल्या होत्या. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

“मी बोल्लू होतू, सैल हाय,” एवढंच हळूच म्हणाले.

मी नवा टाका घातला. या वेळी गाठ जरा जास्तच आवळली. त्यांनी डोळ्यांनीच पसंती दिली.

ठिगळ जगलं. पंधरवड्यात ते गुलाबी झालं, आजूबाजूच्या हिरडीपेक्षा फिकट, वेगळं ओळखू येणारं. दर गुरुवारी ते दाखवायला यायचे. सुकट बंद केल्याबद्दल माझी तक्रार करायचे आणि मऊ भाताला नावं ठेवायचे. झाडाखाली त्यांनी धागा धरायला कपड्यांचा चिमटा बांधून घेतला होता. काम निम्म्या वेगाने चालायचं. पण खरी अडचण वेगळीच निघाली. येणारा-जाणारा काही विचारायचा, आणि यांचं तोंड मोकळं असायचं.

मग ते बोलायला लागले. आधी तुटक, मग जरा लांब, मग थांबेचनात. वारा कुठून आला की कुठली मासळी मिळते, कुणाच्या आजोबांनी कुठल्या खडकावर होडी फोडली, आजकालचे लोक तयार जाळं आणतात आणि फाटलं की फेकून देतात. तपासणी पाच मिनिटांत व्हायची. ते दवाखान्याच्या बाकावर तासभर बसायचे. पुढचा पेशंट खुर्चीत आडवा आणि यांचा आवाज बाहेरून चालूच.

“इतकं तं सवताच्या लग्नात पन बोलले नव्हते,” नलूताई म्हणायच्या.

मला त्या गुरुवारांची सवय लागली. आम्हा दातांच्या डॉक्टरांचं एक असतं. आम्ही दिवसभर माणसांच्या तोंडात हात घालून त्यांना प्रश्न विचारत असतो, उत्तर ऐकायची पाळी सहसा येत नाही. ते त्यांनी नेमकं पकडलं होतं. “तुमी इचारता न् लगेच तोंडात नली घालता,” ते म्हणायचे. मी नळी बाजूला ठेवायला शिकले ती त्यांच्यामुळे.

एका गुरुवारी बाहेर कुणीच नव्हतं. नलूताई बँकेत गेल्या होत्या. मी सहज विचारलं, “काका, मुलगा काय करतो?”

त्यांचा हात तोंडाकडे गेला. बोटं ओठांपर्यंत जाऊन थांबली. हातात काही नव्हतं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि सांगितलं.

मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. दहा-अकरा वर्षं झाली. असेच बंदीचे दिवस होते. सकाळी तो झाडाखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, मला होडीवर नाय जायचं, ट्रेलरवर काम मिळतंय, जाऊ का? तेव्हा यांच्या दातात धागा होता. गाठ अर्धी झालेली. सोडली असती तर सगळी ओळ सुटली असती.

“मी बोल्लू, येवढी गाठ होवंदे, मंग सांगतंय. गाठ पुरी केली, वर बघतंय तं पोऱ्या न्हाय. एष्टीला गेला.”

“तुम्ही काय सांगणार होतात?”

“जा,” ते म्हणाले. “दुसरं काय? दर्यान माजी जिनगानी गेली. त्याची कशाला?”

भांडण झालं नव्हतं. तो सणाला यायचा, जेवायचा, पंखा दुरुस्त करून द्यायचा. दोघांत ‘जेवलास?’ आणि ‘हां’ यापलीकडे काही नव्हतं. गावाने ठरवून टाकलं होतं, की पोराने होडी सोडली म्हणून बापाने मनात धरलंय. पोराचंही तेच मत असणार. यांनी कधी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. विचारायला आलं कुणी, की तोंडात धागा असायचाच.

“मग आता सांगा ना त्याला,” मी म्हटलं. “फोन करा.”

“फोनवर जास्ती बोल्लं तं टाका तुटंल ना?”

“टाके कधीच काढले मी, काका.”

“तरी कातडं कच्चं असंल.”

मला एकदम उमगलं. धागा मी काढून घेतला होता, तर यांनी माझं ठिगळच दातात धरलं होतं. मला राग आला. डॉक्टरकीचा नव्हे, घरच्यासारखा. मी म्हटलं, “तुमच्या तोंडाला काहीही झालेलं नाही. आत्ता लावा फोन. इथेच.”

त्यांनी खिशातून लहानसा मोबाइल काढला. नंबर पाठ होता. मी पाठ फिरवून उपकरणं पुसत राहिले. पुसलेलीच पुन्हा पुसली.

“हालो,” ते म्हणाले. “हां, मीच... न्हाय, बरा हाय... जेवलास?... हां... हां, ठेव.”

त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “गारी चालवतंय. गारी चालवतांना कशाला.”

पुढच्या गुरुवारी मी विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. रेटायला हवं होतं. पण समोरच्याला किती ओढायचं याचा अंदाज मला फक्त ओठांच्या बाबतीत आहे. माणसांच्या बाबतीत नाही.

नारळी पौर्णिमेला बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या. मी त्यांना शेवटचं म्हणून तपासलं आणि सांगितलं, आता सहा महिन्यांनी या. तरी ते गुरुवारी यायचेच. कधी हातात कागदात बांधलेले चार बोंबील, कधी काही नाही. तोंड उघडून ठिगळ दाखवायचे, मी “छान आहे” म्हणायचे, आणि मग बाकावर बसायचे. चिमटा त्यांनी सोडला नाही. धागा पुन्हा दातात धरला नाही. मी येता-जाता चोरून बघायची.

असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्याच्या आधी, एप्रिलात, एका सकाळी नलूताई उशिरा आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “बाय, आपले काका गेले.” पहाटे चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. एवढंच. झाडाखाली अर्धं तुणलेलं जाळं तसंच लटकत होतं. ज्याचं होतं तो दोन दिवसांनी येऊन घेऊन गेला.

मी दोनदा गुरुवारचा दवाखाना बंद ठेवला. कारण विचारलं तर पाठ दुखतेय म्हणून सांगितलं. मला ते हवे होते, सरळच सांगते. बाकावरून येणारा तो खरखरीत आवाज हवा होता. माझ्या स्वतःच्या वडलांचा आवाजही मला इतका आठवत नाही. ते कमी बोलायचे आणि मीही कधी विचारलं नाही, म्हणून असेल.

तेराव्यानंतर मुलगा आला. चाळिशीचा, बापासारखाच रुंद, हातात हेल्मेट. पेशंटच्या खुर्चीत बसला नाही. बाकावर टेकला.

“मॅडम, माझे दात ओके आहेत,” तो म्हणाला. “मी दुसऱ्याच कामाला आलोय. सगळे बोलतात, बाबा तुमच्याकडे बोलायचे. तास-तास. खरं का?”

“खरं आहे.”

“आमच्याकडे नाय बोलले कधी.” तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. “माझ्याबद्दल काय बोलले का?”

मी सांगितलं. तो सकाळचा प्रसंग, अर्धी गाठ, आणि गाठ पुरी झाल्यावर ते काय म्हणणार होते ते. एकच शब्द तर होता. तो सांगायला मला फार वेळ लागला.

त्याने हेल्मेटचा पट्टा सोडला. मग म्हणाला, “मी थांबलोच नाय मॅडम. ते नको बोलतील म्हणून टेन्शन आलं मला. म्हटलं, त्यांच्या तोंडात धागा आहे तोवर निघू. नंतर वाटायचं, फोन करू. पण ते फोनवर नुसते जेवलास विचारायचे.”

जाताना त्याने फोटो मागितला. घरात एकच होता, रेशनकार्डाच्या वेळचा, कडक चेहऱ्याचा. तुमच्याकडे इतके यायचे, म्हणून एखादा असेल. मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्याकडे त्यांचे वीस-बावीस फोटो आहेत, पण सगळे तोंडाच्या आतले. ऑपरेशनच्या आधीचे, नंतरचे, ओठ प्लास्टिकच्या आकड्यांनी ताणून धरलेले. चेहरा एकातही नाही. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, तेच दाखवा.

मी शेवटचा फोटो संगणकावर लावला. दोन लांब दात, त्यांच्या खाली फिकट गुलाबी, घट्ट रुजलेलं ठिगळ. मी ठिगळाकडे बघत होते. तो बघत नव्हता. त्याने पडद्यावर, ओठाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे एक जुनी पांढरी खूण होती. दोन वर्षं मी त्या ओठाला हात लावत होते, तिच्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

“हा माझा गळ,” तो म्हणाला. “सात वर्षांचा असेन. पहिल्यांदा दोरी फेकली, ती मागे गेली आणि गळ बाबांच्या ओठात घुसला. रक्तच रक्त. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी स्वतःच काढला, धुतला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, टाक परत.”

हेल्मेट खाली पडलं, त्याने उचललं नाही.

“म्हणजे रागावले नव्हते ना, मॅडम?”

“नव्हते,” मी म्हटलं. “दोन्ही वेळेला नव्हते.”